कर्करुग्णांची झीज आणि जनुकांचा वाटा

एकाच अवयवाचा आणि एकाच टप्प्यातील कर्करोग झालेल्या दोन रुग्णांपैकी एकाचे वजन महिनोनमहिने टिकून राहते, तर दुसऱ्याचे शरीर काही आठवड्यांतच खंगते. हा फरक केवळ आहारामुळे पडत नाही. रुग्णाच्या जनुकीय घडणीचाही त्यात वाटा असावा, असे संशोधनातून सूचित होत आहे.

या अवस्थेस वैद्यकशास्त्रात कॅकेक्सिया म्हणतात. मराठीत ‘क्षय’ हा नेमका शब्द होता, परंतु तो दुसऱ्याच रोगाने अडवून ठेवला आहे. म्हणून येथे ‘झीज’ म्हणणेच बरे. २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येनुसार सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटणे हा तिचा प्रमुख निकष आहे. स्नायूंची ही हानी केवळ पोषक आहाराने पूर्णपणे भरून निघत नाही, हेही त्या व्याख्येतच नमूद आहे. रुग्णाला पुरेसे खाऊ घातले नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या कुटुंबीयांपर्यंत हे वाक्य क्वचितच पोहोचते.

झीज आणि आयुर्मान यांचा संबंध निकटचा आहे. कॅनडा आणि युरोपमधील रुग्णांच्या २०१५ मधील अभ्यासात वजन टिकवून असलेल्या, मुळात सुदृढ रुग्णांच्या गटातील निम्मे सुमारे २१ महिन्यांपलीकडे जगले. मुळातच कृश असून अधिक घटलेल्यांच्या गटात हाच काळ सुमारे ४ महिने होता.

जनुकांचा माग काढताना २०१२ साली ७७५ रुग्णांमधील ८० जनुकांची तपासणी करण्यात आली. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटण्यास मदत करणाऱ्या पी-सिलेक्टिन या प्रथिनाच्या जनुकाचे एक विशिष्ट रूप असलेल्यांमध्ये वजन १० टक्क्यांहून अधिक घटण्याची शक्यता कमी आढळली. दुसऱ्या, लहान गटातही हा संबंध दिसला. तथापि, एवढ्यावरून रुग्णाचे भवितव्य सांगणारी चाचणी तयार होत नाही. एका अभ्यासात सापडलेले असे अनेक दुवे पुढच्या अभ्यासात टिकत नाहीत.

अधिक ठोस प्रगती जीडीएफ-१५ या प्रथिनाबाबत झाली. ते मेंदूतील ज्या ग्राहीस जोडले जाऊन भूक मारते, ती २०१७ साली सापडली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे प्रथिन रक्तात वाढलेल्या १८७ रुग्णांपैकी काहींना त्याला रोखणारे पोन्सेग्रोमॅब हे औषध देण्यात आले. सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांचे वजन १२ आठवड्यांत, औषधविरहित गटाच्या तुलनेत, सुमारे २.८ किलोने अधिक राहिले. त्यामुळे आयुष्य वाढते काय, हे मात्र एवढ्या अल्प काळाच्या चाचणीवरून ठरत नाही.

भारताच्या दृष्टीने अडचण वेगळी आहे. जनुकीय अभ्यासांतील बहुसंख्य रुग्ण युरोपीय वंशाचे आहेत. आपल्याकडे मुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्यात घास गिळता न आल्याने होणारी उपासमार व रोगामुळे होणारी झीज एकमेकींत मिसळतात. जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांना खुली झाली, ही स्वागतार्ह घटना होय. परंतु ती निरोगी व्यक्तींची आहे. कर्करुग्णांसाठी तिचा उपयोग व्हायचा, तर निदानापूर्वीचे वजन कोठेतरी लिहिलेले असावे लागते, आणि बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अनेकांपाशी ती नोंदच नसते.