अर्जाचीही लागण वेळेवर हवी



मध्यंतरी कामानिमित्त आम्हांस मुंबईस जावे लागले. मुक्काम मुलुंडला, आपल्याच एका सभासदाच्या मेहुण्याकडे होता. दोन खोल्यांचे घर, माणसे सहा. त्यांत या सभासदाची मुलगीही राहते. घाटकोपरकडच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली. आता दिवसा अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते आणि रात्री सगळ्यांची जेवणे उरकली की ओट्याशेजारी बसून परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज तयार करते. हा तिचा दुसरा प्रयत्न. पहिला गेल्या वर्षी वाया गेला. तो का वाया गेला हे ऐकून आम्हांस रात्री झोप लागली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलगी हुशार, गुण चांगले, परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्रही आलेले. अडले ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. शासकीय शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा असते. तालुक्याच्या गावी एका कार्यालयात उसाचे बिल पाहिले आणि बिलाची सगळी रक्कम उत्पन्न म्हणून धरली! बेणे, खत, पाणीपट्टी, मजुरी, सोसायटीची वसुली हे सारे जाऊन हातात काय उरते, ते कोणी विचारले नाही. वडिलांनी चार हेलपाटे घातले. दुरुस्त दाखला हाती पडला तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. वडील आम्हांस म्हणाले, "तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं. पोरीचं तसंच झालं बघा. वरीस गेलं."

आता आपल्यातले काही जण म्हणतील, पोरींना एवढ्या लांब कशाला धाडायचे? गेलेली परत येतात थोडीच? आणि कारखान्याने साखर करावी, या भानगडीत का पडावे? प्रश्न रास्त आहेत, म्हणून उत्तर देतो.

प्रवरानगरचा कारखाना १९५० साली उभा राहिला, तो विठ्ठलराव विखे पाटलांच्या जिद्दीवर. पण त्यांच्या शेजारी पहिले अध्यक्ष म्हणून कोण होते? धनंजयराव गाडगीळ. हे गृहस्थ केंब्रिजला अर्थशास्त्र शिकून आलेले. हिंदुस्थानच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. परदेशात मिळवलेली विद्या शेतकऱ्याच्या भागभांडवलाच्या कामी आली. आपण आज ज्या सहकाराची फळे खातो, त्याच्या मुळाशी शेतकऱ्याची जिद्द आहे तशी ही विद्याही आहे.

दुसरे उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी जाण्यापूर्वी केला होता. त्यांनी १९१८ साली निबंध लिहिला तो कशावर, ठाऊक आहे? शेतीच्या लहान लहान तुकड्यांवर आणि त्यावरील उपायांवर. तुमच्या-आमच्या बांधाचाच प्रश्न. तेव्हा परदेशी शिकलेले सगळेच आपल्याला विसरतात असे नाही.

साखरेचा पैसा शिक्षणाकडे वळल्याची खूण तर मुंबईच्या उपनगरातच उभी आहे. घाटकोपरला लागून विद्याविहार आहे. तिथली महाविद्यालये करमशीभाई सोमैया यांनी १९५९ पासून उभी केली. हे गृहस्थ मूळचे साखर धंद्यातले, नगर जिल्ह्यात साकरवाडीला त्यांचा कारखाना. ते खासगी कारखानदार, आपण सहकारी. एका माणसाला जे सुचले, ते हजारो सभासदांच्या कारखान्याला सुचू नये काय?

बरे, या अर्जात असते तरी काय? आम्ही दोन रात्री त्या मुलीजवळ बसून समजून घेतले. पासपोर्ट लागतो. अंधेरी, मालाडला त्याची केंद्रे आहेत. गुणांचे अधिकृत उतारे विद्यापीठाकडून काढावे लागतात, त्यासाठी मुंबईच्या मुलांना कालिन्याच्या खेपा आहेतच. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि तिचे गुण दोनच वर्षे चालतात. शिकवलेल्या प्राध्यापकांची दोन-तीन शिफारसपत्रे लागतात. इथे एक गंमत सांगतो. मुलीच्या वडिलांनी मोठ्या हौसेने आपल्या चेअरमनसाहेबांचे पत्र नेले होते. मुलगी हसून म्हणाली, "अण्णा, साहेबांनी मला शिकवलंय कुठं?" खरे आहे ते. तिथे वशिला चालत नाही, ओळख चालते. ओळख म्हणजे ज्या गुरुजींनी तुमची वही पाहिली, तुम्हांला प्रश्न विचारताना ऐकले, त्यांची. म्हणून पत्र मागायचे तर निदान दोन महिने आधी मागावे, आणि त्याच्याही आधी वर्गात पहिल्या बाकावर बसावे.

सगळ्यांत अवघड ते मनोगत. हे शिक्षण कशासाठी हवे, ते दोन पानांत सांगायचे. गेल्या वर्षी या मुलीने अंधेरी स्टेशनाबाहेरच्या एका दुकानातून दहा हजार रुपये देऊन ते लिहून घेतले होते. लहानपणापासून विज्ञानाची आवड, देशसेवेची तळमळ, असे गोड गोड. कोणाच्याही नावाने खपेल असे ते कागद आम्हांस तिने दाखवले. या वर्षी तिने ते बाजूला ठेवले आणि स्वतः लिहिले. ओढ्याकडेच्या दोन एकरांत पांढरे मीठ कसे फुटले, आजोबांनी पाण्याचा मारा केला आणि निचरा कसा नव्हता, एकरी पन्नास टनांचे वीस टन कसे झाले, आणि ज्या नेदरलँड्समध्ये समुद्रसपाटीखालच्या जमिनी पिकवतात तिथे वाखेनिंगनच्या कृषी विद्यापीठात जमीन-पाण्याचा अभ्यास करून आपल्याला काय शिकायचे आहे. ते वाचून आमचे डोळे पाणावले. आपल्याही कार्यक्षेत्रात क्षारपड रान कमी नाही. कोणत्याही दुकानदाराला हे लिहिता आले नसते, कारण ते रान त्याचे नव्हते.

वेळेचा हिशेब तुम्हांला आम्ही काय सांगावा! आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, तोड सोळा-अठरा महिन्यांनी. परदेशी विद्यापीठे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात, तेव्हा त्याआधी दीड वर्ष कामाला लागावे. जाहिरात आल्यावर धावाधाव करणे म्हणजे गाळप बंद व्हायच्या आठवड्यात ऊस लावणे.

योजनाही नीट पाहाव्यात. मराठा-कुणबी मुलांसाठी 'सारथी'ची महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची योजना आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, तसेच भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना मिळू शकते. हे शेवटचे दोनदा वाचा. आपल्या उसावर कोयता चालवणाऱ्याच्या लेकरालाही ही वाट मोकळी आहे, आणि त्याला ते सांगणारे कोणी नाही. इंग्लंडच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू योजनेत पदव्युत्तर शिक्षणासाठी तीन वर्षांचा. या दोन्ही ठिकाणी अर्जाला फी नाही. तेव्हा 'शिष्यवृत्ती मिळवून देतो, पैसे भरा' म्हणणाऱ्याला दारातूनच रामराम करावा. अटी दर वर्षी बदलतात, त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचाव्यात.

आता संचालक मंडळाला आमची कळकळीची विनंती. पहिली, सभासदाने मागितल्यावर उसाच्या बिलाबरोबर सर्व कपातींचा स्वच्छ तपशील कारखान्याच्या सही-शिक्क्यानिशी आठ दिवसांत मिळावा, म्हणजे दाखला देणाऱ्याला ढोबळ आकडा आणि खरे उत्पन्न यांतला फरक कळेल. दुसरी, शेतकी खात्यात जशी ऊसनोंदीची वही असते, तशी परदेशी शिक्षणाची इच्छा असलेल्या मुलामुलींची नोंदवही एका कारकुनाकडे असावी. सभासदांची आणि तोडणी कामगारांचीही. तिसरी, परीक्षेची फी आणि पासपोर्ट यांसाठी छोटा फिरता निधी असावा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली. घेतलेले परत करायचे म्हणजे पुढच्याला मिळते. आपली सोसायटी याच तत्त्वावर चालते, त्यात नवे काही नाही.

आणि मुंबईत राहणारी आपली माणसे, कोणी बोरिवलीला, कोणी मुलुंडला, त्यांनी महिन्यातून एक रविवार गावाकडच्या पोरांना द्यावा. अर्ज वाचून चुका दाखवायला पैसा लागत नाही.

परत निघालो तेव्हा ती मुलगी मुलुंड स्टेशनापर्यंत पोहोचवायला आली. म्हणाली, "काका, या वेळी दाखला आधीच काढलाय. नाही मिळाली तरी ती माझी चूक असेल, कागदाची नाही."

सभासद बंधूंनो, एवढी जबाबदारी ती आपल्या अंगावर घ्यायला तयार आहे. कागदाची जबाबदारी आपण घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे. येत्या वार्षिक सभेत हा विषय कोणी तरी मांडावा. कोणी न मांडल्यास आम्ही मांडूच.