फुकटची विंडोज

किनवटला जुना लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "विंडोज फुकट मारून देतो." म्हणजे क्रॅक. त्यासाठी त्याने आधी अँटिव्हायरस बंद केला! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आणि याच मशीनवर आपण बँकेचा पासवर्ड टाकणार.

बरं, विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणून धडधाकट यंत्रं भंगारात. मी सरळ पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकलं. चोरी न करता फुकट, मराठी कीबोर्डसकट.

"पण लिनक्स शिकावं लागतं ना?" अहो, विंडोज काय आईच्या पोटातून शिकून आलो? एमएस-सीआयटीला पैसे भरले होते. त्यातला एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट, मायक्रोसॉफ्ट नव्हे!