मतभेदातील मर्यादा

सार्वजनिक चर्चेतील सौजन्य म्हणजे दुबळेपणा, असा समज अलीकडे बळावत आहे. संघाच्या सभेपासून व्यापारी मंडळाच्या निवडणुकीपर्यंत, आवाज चढला की मुद्दा सिद्ध झाला असे मानले जाते.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाचे हे ईश्वरी शासन होय, असे महात्मा गांधींनी म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनाही अस्पृश्यता अमान्यच होती. परंतु निसर्गातील घटनेला नैतिक कारण जोडणे त्यांना अशास्त्रीय व घातक वाटले. त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. गांधींनी ते निवेदन स्वतःच्या 'हरिजन' पत्रात छापले आणि सोबत आपले उत्तर दिले. दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही. तरीही १९३६ साली वृद्ध कविवर्य विश्वभारतीसाठी निधी जमवीत दिल्लीस आले, तेव्हा ६०,००० रुपयांची तरतूद गांधींनीच करविली.

येथे सौजन्याने मतभेद झाकला नाही. उलट तो वाचकांपुढे पूर्णपणे आला. अन्याय सोसणाऱ्याला 'हळू बोला' म्हणून गप्प करणे हे सौजन्य नव्हे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडावे आणि मगच खोडावे, हे सौजन्य. समोरच्याची जमा न लिहिता काढलेली बाकी कोणता व्यापारी ग्राह्य धरील? भाषासमितीचा नियम उपाश्रयापुरता न ठेवता आपण सभेतही पाळावा.