उरुळीचा उपचार आणि फैजपूरचा कार्यक्रम

वैशाखात जळगाव-धुळ्याकडे पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. त्या उन्हात रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड डोक्यावर वाहणाऱ्या मजुराला निसर्गोपचाराचा तज्ज्ञ कोणता सल्ला देईल? दुपारचे ऊन टाळा, भरपूर पाणी प्या, फळे खा, विश्रांती घ्या. या सल्ल्यातील एकही शब्द खोटा नाही. परंतु त्यातील एकही गोष्ट त्या मजुराच्या हाती नाही. निसर्गोपचाराचा खरा प्रश्न येथेच सुरू होतो.

या पद्धतीची तत्त्वे साधी आहेत. शरीरात स्वतःला सावरण्याची शक्ती असते. योग्य आहार, स्वच्छ हवा, पाणी, माती, सूर्यप्रकाश आणि विश्रांती यांच्या साहाय्याने त्या शक्तीला वाव द्यावा, औषधांचा मारा टाळावा, हे त्यांचे सार. लुई कूने आणि अॅडॉल्फ जुस्ट या जर्मन लेखकांच्या ग्रंथांतून हे विचार गांधीजींपर्यंत पोहोचले. कटिस्नान आणि मातीची पट्टी यांचे प्रयोग त्यांनी प्रथम स्वतःवर व कुटुंबीयांवर केले. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांनी लिहावयास घेतलेली आरोग्यविषयक पुस्तिकाही पंचमहाभूतांच्या आधारानेच आरोग्याचा विचार करते.

पुण्यातील डॉ. दिनशा मेहता यांचे उपचारगृह गरिबांसाठी चालवावे, असा गांधीजींचा प्रथम विचार होता. परंतु खेड्यांतील गरिबांचा प्रश्न शहरातील संस्थेने सुटणार नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. आपली चूक त्यांनी जाहीरपणे मान्य केली आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले. त्यांच्यामागे मणिभाई देसाई यांनी तेथील आश्रम नावारूपास आणला. उपचार गरिबाच्या दारी गेला पाहिजे, हा उरुळीचा धडा होय.

तथापि उपचार दारी गेला म्हणजे तो परवडतोच असे नाही. माती फुकट मिळते असे म्हणतात. परंतु ती पोटावर ठेवून अर्धा तास स्वस्थ पडून राहण्याची किंमत अर्ध्या तासाच्या मजुरीइतकी असते. लंघन हे अति खाणाऱ्याचे औषध आहे. अर्धपोटी राहणाऱ्याला ते सांगणे ही क्रूर थट्टा ठरते. कळण्याची भाकरी हे खानदेशाचे सकस अन्न. पण ती ताटात पडण्यासाठी ज्वारी आणि उडीद दोन्ही विकत घेता आले पाहिजेत. ज्याची रोजी एका दिवसाच्या खाड्याने बुडते, त्याच्या बाबतीत विश्रांती हा आरोग्याचा नियम न राहता मजुरीच्या करारातील कलम बनते.

या संदर्भात खानदेशाने आपलाच इतिहास आठवावा. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली तेथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. शेतसारा व खंड कमी करणे, कर्जाचा बोजा उतरवणे, शेतमजुराला जगण्यापुरते वेतन देणे, ही त्यातील सूत्रे होती. त्यात आरोग्याचे प्रवचन नव्हते. पण आरोग्याचा पाया होता. फैजपूरच्या कार्यक्रमावाचून उरुळीचा उपचार सुखवस्तू माणसाची हौस होऊन बसतो. आजची महागडी निसर्गोपचार केंद्रे पाहिली की याचा प्रत्यय येतो.

दुसरा धोकाही कमी गंभीर नाही. सर्व रोगांचे मूळ एकच, हे कूने यांचे मत जंतुशास्त्रापुढे टिकले नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्त्यांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. मातीच्या पट्टीने तो हटत नाही. सर्पदंशावर प्रतिविषाची लसच द्यावी लागते. क्षयाला पूर्ण मुदतीची औषधे लागतात. उष्माघाताच्या रोग्याला सावलीत आणून थंड पाण्याने त्याचे अंग निववणे हा शास्त्रालाही मान्य असलेला पहिला उपचार आहे. पण शुद्ध हरपत असेल तर त्याच वेळी रुग्णालयही गाठले पाहिजे. खुद्द गांधीजींनी जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करवून घेतली होती. त्यांना मिळाली ती शल्यचिकित्सा आदिवासी स्त्रीला नाकारून तिला केवळ निसर्गाच्या हवाली करणे, याला गांधीविचार म्हणता येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिकाम्या जागांवर निसर्गोपचाराच्या गौरवाचे पांघरूण घालू देता कामा नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी निसर्गोपचाराची टिंगल करू नये आणि त्याची पूजाही बांधू नये. त्यातील प्रत्येक तत्त्वाचे मागणीत रूपांतर करावे. कडक उन्हाच्या महिन्यांत दुपारी सक्तीची सुट्टी, तीही मजुरी न कापता. कामाच्या जागी सावली व पिण्याचे थंड पाणी. रेशनवर ज्वारी आणि डाळ. फवारणी करणाऱ्याला संरक्षक साधने. प्रत्येक पाड्याला शुद्ध पाणी, आणि आरोग्य केंद्रात डॉक्टर व औषधे.

हवा, पाणी, प्रकाश आणि विसावा ही निसर्गाची देणी खरी. ती सर्वांच्या वाट्याला येणे मात्र निसर्गाच्या हाती नाही. ते संघटित माणसांच्या हाती आहे.