कुलवृत्तान्तांतल्या निनांवी लेकी

गेल्या महिन्यांत एका घराण्याच्या मंडळानें छापलेला कुलवृत्तान्त आम्हीं विकत घेतला. कागद उत्तम, बांधणी मजबूत. आमच्या पणजीचें माहेर याच घराण्यांतलें. म्हणून मोठ्या उत्सुकतेनें तिच्या वडिलांचें पान उघडलें. तेथें चार मुलगे, त्यांच्या नोकऱ्या, इनामें, काशीयात्रासुद्धां नमूद आहेत, आणि शेवटीं दोनच शब्द : "कन्या तीन." त्या तिघींपैकीं एक आमची पणजी!

हा दोष एकाच मंडळाचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. पण सातारा-सांगलीकडे वंशावळ म्हणजे पुरुषांचीच यादी असें सुशिक्षितहि धरून चालतात. सुनांचीं नांवें असलीं तर तीं लग्नांत बदललेलीं. ताटांतल्या तांदुळांवर नवें नांव लिहिलें कीं माहेरचें नांव आणि आडनांव दोन्ही एकदम बुडालीं.

यावर उत्तर मिळतें कीं, कुल चालतें तें आडनांवानें; लेक दुसऱ्या आडनांवांत गेली, तेव्हां तिचा हिशेब सासरीं. पण या आडनांवाची स्थिरता ती किती? वाईचे रास्ते मूळचे गोखले. पुण्याचे पेशवे भट, आणि नाना फडणीस भानू. औंधच्या पंतप्रतिनिधींचे मूळपुरुष परशुराम त्रिंबक हे किन्हईचे कुलकर्णी. इचलकरंजीच्या नारो महादेव जोशांनीं तर आपले धनी सेनापति संताजी घोरपडे यांच्या उपकारांची खूण म्हणून त्यांचेंच आडनांव घेतलें! हुद्दा बदलला, धनी लाभला, कीं पुरुषांचें आडनांव बदललें. तरी कुल तुटलें असें कोणी म्हटलें नाहीं. मग हाच न्याय लेकीला कां नसावा?

धर्माचा आधार घ्यावा तर तो उलटाच पडतो. श्राद्धांत पित्रादि त्रयीबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचाहि नांवानिशीं उच्चार होतो, आणि मातामहांनाहि पिंड मिळतो. पिंडाच्या वेळीं जी आठवते ती छापखान्यांतच कशी विसरते?

"साधनें नाहींत" ही दुसरी सबब. राजवाड्यांनीं वाईस मिळालेल्या कागदांवरून १८९८ सालीं आपला पहिला खंड काढला, मिरजेस वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनी दप्तर उपसलें, तें साधनें कोणी घरीं आणून दिलीं म्हणून नव्हे. लग्नाच्या याद्या, आहेराच्या वह्या, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांचीं बाडें चाळलीं कोणी? आमच्या दक्षिणभागांत बैल घेऊन दारोदार फिरणाऱ्या हेळव्यांपाशीं कुणब्यांच्या पिढ्यानुपिढ्या नोंदलेल्या असतात. त्याला शेरभर धान्य घालून निरोप देतात, विचारीत कोणी नाहीं. गोपिकाबाईंचें माहेर रास्त्यांचें हें शाळकरी पोरहि सांगेल. कारण उघड आहे : त्या पेशव्यांच्या घरीं पडल्या.

सातासमुद्रांपलीकडे क्वेबेक प्रांतांत काय झालें पाहा. सतराव्या शतकांत फ्रान्सहून गेलेले ते वसाहतवाले आपल्याइतकेच आडनांवांत चंचल. शिपायाला पलटणींत पडलेलें टोपणनांव 'दी', म्हणजे आपल्या 'ऊर्फ', या शब्दानें आडनांवास चिकटे, आणि नातवंडांपैकीं कोणी एक चालवी, कोणी दुसरें. तरी वंशाचा धागा सांपडतो. कारण तिकडचा पाद्री लग्नाच्या नोंदींत वधूचें नांव तिच्या बापाच्या आडनांवानें लिही, आणि मरतांनाहि तेंच राही. या नोंदींवरूनच तांग्वे नांवाच्या धर्मगुरूनें १८७१ पासून १८९० पर्यंत सात खंडांचा वंशकोश सिद्ध केला. कुलाभिमान त्यांना नव्हता असें थोडेंच आहे!

आपल्याकडे १ मे २०२४ पासून सरकारी कागदांवर मुलाच्या नांवापुढें आईचें नांव घालण्याचा नियम झाला. ठीक झालें, परंतु तें नुसतें पाळण्यांतलें किंवा ताटांतलें नांव. ती कोणाची कोण, हें त्यानेंहि कळत नाहीं.

आम्हीं मंडळास पत्र धाडलें. सौजन्यपूर्वक उत्तर आलें कीं, पुढील आवृत्तीस कन्यांची पुरवणी जोडतां येईल, मात्र त्या तिघींची माहिती आपणच पुरवावी. ज्या माहितीसाठीं ग्रंथ विकत घेतला, ती आतां आम्हींच त्यांना कळवायची आहे!