बटण तर कुणीही दाबेल!

गेल्या रविवारी मामाचा फोन आला. "संध्याकाळी घरी ये. त्याला जरा समजाव."

'त्याला' म्हणजे माझ्या मामेभावाला. वय २५, इंजिनिअर, हिंजवडीत बरी नोकरी. ती सोडून साहेबांना फुलटाइम फोटोग्राफी करायचीये. आणि समजवायचं कुणी? मी! जिचा स्वतःचा चेक तीन-तीन महिने येत नाही. पण मास कॉमची डिग्री आहे, म्हणजे हिला 'या लाइनमधलं कळतं' असा घरात समज आहे.

मामा रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरांच्या पिढ्या बसवलेला माणूस. "चित्रकार होतो म्हणाला असता ना, तर एक वेळ हो म्हटलं असतं," तो म्हणाला. "ती कला आहे. यात काय? बटण कुणीही दाबेल. काम मशीनचं!"

खरं सांगू? मला अर्धं पटलं होतं. माझ्या फोनमध्ये साडेचार हजार फोटो आहेत. त्यातल्या कलाकृती मोजायच्या तर शून्य.

आधी मी होमाई व्यारावालांचं नाव घेतलं. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ साली पद्मविभूषण, आणि मुख्य म्हणजे शिकल्या जे. जे. मध्ये. जे. जे. म्हणजे मामाचं पंढरपूर. पण तो बधला नाही. "ती पत्रकारिता झाली."

मग मी 'मूनराइज' काढला. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा. १९४१ च्या नोव्हेंबरची संध्याकाळ. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ नावाचं खेडं, वर चंद्र, आणि मावळत्या उन्हात चमकणारे कबरस्तानातले पांढरे क्रॉस. अ‍ॅडम्सने रस्त्याकडेला गाडी थांबवून भलामोठा कॅमेरा लावला, तर लाइट मीटर सापडेना! चंद्राच्या उजेडाचा आकडा त्याला पाठ होता. त्यावरून मनात हिशोब केला आणि एक्स्पोजर दिलं. दुसरा फोटो घ्यायला जातो तोवर क्रॉसवरचं ऊन गेलेलं. खेळ खल्लास.

मामा ऐकत होता. मी पुढे दामटलं. त्या एका निगेटिव्हचे अ‍ॅडम्सने आयुष्यभरात १३०० च्या वर प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळ फिकट आहे, ढगांचे पुंजके दिसतात. पुढे डार्करूममध्ये कागदाच्या तेवढ्याच भागावर जास्त वेळ प्रकाश पाडून त्याने आभाळ गडद करत नेलं, जवळजवळ काळं. निगेटिव्ह तीच, चित्र वेगळं.

"म्हणजे आभाळ तसं नव्हतंच," मामा म्हणाला. "खोटं केलं की!"

फोटोवाल्यांची गंमत बघा हं. जसंच्या तसं टिपलं तर ती नक्कल, आणि बदललं तर लबाडी. दोन्हीकडून मारच!

हॉलमध्ये मामानेच केलेलं वॉटरकलर लावलंय. कोकणातलं आमचं आजोळचं घर. मी विचारलं, "मामा, घरासमोर विजेचा खांब होता ना?"

"होता."

"चित्रात कुठाय?"

"मला नको होता, नाही काढला." एवढं बोलून तो चष्मा पुसायला लागला. हरलो असं म्हणणारा आमचा मामा नव्हेच.

भाऊ इतका वेळ आतल्या खोलीत होता. मी हाक मारून त्याला प्रिंट आणायला लावले. महिनाभर पहाटे उठून महात्मा फुले मंडईत काढलेले, सगळे ब्लॅक अँड व्हाइट. आतापर्यंत मामाने त्यातला एकही बघितला नव्हता. एक प्रिंट त्याने उचलला, हात लांब करून धरला, डोळे बारीक केले. शाळेत पोरांची चित्रं तपासायचा, अगदी तस्सं.

"हा डावीकडचा हमाल अर्धा कापलास. कंपोझिशन बिघडलं."

"बिघडलं नाही, मुद्दाम कापलाय. नाहीतर ती बाई एकटी वाटली नसती."

"छे! त्याला काढूनच टाकायचा पूर्ण."

"मग नुसती भाजीवाली उरेल, बाबा. बाकी काय?"

रात्री साडेनऊला मी निघाले, तरी दोघं त्या हमालावरच भांडत होते. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघालाच नाही. जेवायला थांब, असंही मला कुणी म्हटलं नाही.