ओळखीतली गाडी आणि थंड इंजिन

गेल्या महिनाभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. दहा-बारा वर्षांची जुनी गाडी घ्यायची आहे, इंजिन कसं बघायचं? तिघंही नुकतीच नोकरीत स्थिरावलेली मुलं, आणि त्यातल्या दोघांची गाडी ओळखीतली. ग्वाल्हेरात आपली मराठी घरं एकमेकांना तीन-तीन पिढ्या ओळखतात. खरी अडचण तिथेच सुरू होते. दलालाची गाडी आपण चारी बाजूंनी ठोकून बघतो. काकांकडे गेलो की आधी चहा-पोहे येतात, काकू मुलाच्या लग्नाचं सांगतात, आणि "जरा बॉनेट उघडा" म्हणायला जीभ रेटत नाही.

काका फसवतील असं मला म्हणायचं नाही. पण चार वर्षं गाडी फक्त भाजी मंडईपर्यंत गेली असेल, तर आत काय झालंय ते त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून आदल्या दिवशीच फोन करून सांगा, "काका, उद्या सकाळी सातला येतो, बरोबर मिस्त्री आहे. मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गरम इंजिनात बरेच दोष झाकले जातात, ते थंड इंजिनात दिसतात. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

सुरू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून बघा. हे थंड असतानाच, गरम असताना उघडलं तर हात भाजेल. कूलंट हिरवं किंवा लाल, स्वच्छ हवं. गंजट तपकिरी पाणी असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. वर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. मग ऑइलची पट्टी काढा. ऑइल काळं असलं म्हणून घाबरू नका, डिझेल गाडीत ते लवकरच काळं होतं. दुधाळ कॉफीसारखं दिसलं, तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय. मात्र आपल्याकडच्या जानेवारीत, थोडंथोडंच चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या टोपीखाली पांढरट साय धरते, ती नुसती वाफेची असू शकते. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर तेवढ्यावरून गाडी नाकारू नका. इंजिन धुऊन-पुसून आरशासारखं केलेलं असेल तर मला उलट संशय येतो. गळती कुठून होती ते मग कळत नाही.

आता चावी फिरवा, पण लगेच स्टार्ट करू नका. डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे आधी पेटले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनाचा पिवळा दिवा पेटतच नसेल, तर तो बंद करून ठेवलेला असण्याची दाट शक्यता आहे.

स्टार्ट करताना एकाने मागे सायलेन्सरपाशी उभं राहायचं. थंडीत पातळ पांढरी वाफ येते आणि थोड्या वेळात जाते, ते ठीक. दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि गोडसर वास येत असेल, तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो सुरू करतानाच भसकन येऊन गेला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. रेस दिल्यावर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा, आणि तो खर्च मोठा. काळा धूर बहुतेक वेळा इंजेक्टर किंवा एअर फिल्टरचा, त्यावर भाव पाडता येतो.

मग एसी लावून वीस-पंचवीस मिनिटं चालवा, थोडा चढही घ्या. काटा मध्याच्या वर सरकतोय का ते बघत राहा. टायमिंग बेल्ट आहे की चेन, हेही विचारा. वॅगनआरच्या के-सिरीज इंजिनात चेन असते, जुन्या मारुती 800 मध्ये बेल्ट. बेल्ट असेल तर तो बदलल्याचं बिल मागा, कारण बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल थोडं. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशानंतर तिथल्या जुन्या गाड्यांवर टांगती तलवार आली आणि त्या आपल्याकडे स्वस्तात येऊ लागल्या. त्यांचे किलोमीटर कमी दिसतात, पण सिग्नलवर उभं राहून इंजिन कित्येक तास नुसतं फिरलेलं असतं. ते मीटरवर उमटत नाही. मीटरपेक्षा सर्व्हिसची बिलं बघा, आरसीवरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष नंबराशी ताडून पाहा, आणि तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

दोष निघाला तर काकांशी घासाघीस करत बसू नका. मिस्त्रीकडून दुरुस्तीचा अंदाज कागदावर लिहून घ्या आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवा. आणि गाडी घ्यायचीच नसेल, तर "काका, मिस्त्री नको म्हणतोय" एवढंच म्हणा. मिस्त्रीला त्याचं काही वाटत नाही, आणि काकूंच्या मुलाच्या लग्नाला तुम्हाला मोकळेपणाने जाता येतं.